लॅप स्टीलवर चालू कार्यक्रमात ट्यूनिंग बदलणं : खटके, घोडी आणि खुंट्या

सहा_तारा

वाद्य: साडेबावीस इंच स्केलची (नट ते घोडी एवढं अंतर) सहा तारांची लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची गिटार. भरीव लाकडी बॉडी, हाडाचा उंच नट (खुंट्यांच्या बाजूला तारा टेकतात ती पट्टी), तारा मागून अडकवायची साधी घोडी. दोन ट्यूनिंग आलटून पालटून लागतात. जाड तारेकडून बारीक तारेकडे लिहितो.

पहिलं: ई बी ई जी शार्प बी ई
दुसरं: ई ए ई ए सी शार्प ई

दुसरं म्हणजे आपल्याकडे हवाईयन गिटारच्या क्लासात सर्रास शिकवतात तेच. दोन गाण्यांच्या मध्ये दहा-पंधरा सेकंद मिळतात. खुंट्या पिळून तेवढ्यात तीन तारा जागेवर येत नाहीत, आल्या तरी पहिल्या मिनिटाला पुन्हा सरकतात. दुसरं वाद्य किंवा दोन नेकचा कन्सोल नको, उचलायला जड होतं.

विचारायचंय ते असं:
१. खुंटीच्या जागी बसणारा, तार झटक्यात उतरवणारा ड्रॉप ट्यूनर, तळहाताने दाबायचे बेंडर आणि प्रत्येक तारेला स्वतंत्र खटका असलेली घोडी, यातलं या कामाला काय योग्य?
२. तारा किती जाडीच्या घ्याव्यात?
३. खटका परत टाकल्यावर तार मूळ सुरावर येत नाही ही तक्रार सगळीकडे वाचायला मिळते. नेमकं कारण काय?

---

घोडीवाला

उपकरणाआधी तारा मोजा. तारांचे नंबर बारीक तारेकडून धरतो, पहिली सर्वात बारीक. तुमच्या दोन ट्यूनिंगमध्ये पहिली, चौथी आणि सहावी जागची हलत नाही. बदल तीनच:

दुसरी तार: बी वरून सी शार्प, एक सूर वर
तिसरी तार: जी शार्प वरून ए, अर्धा सूर वर
पाचवी तार: बी वरून ए, एक सूर खाली

दुसऱ्या-तिसऱ्या तारेचा बदल ओळखीचा वाटेल. पेडल स्टील म्हणजे पायाच्या पेडलांनी तारांचे सूर बदलणारी स्टील गिटार. तिच्या ई नाइन्थ ट्यूनिंगमध्ये ए आणि बी ही दोन पेडलं एकत्र दाबली की हेच होतं. गिब्सनचा इलेक्ट्राहार्प १९३९-४० च्या सुमारास पेडलांसह आला तोही मुळात ट्यूनिंग बदलण्यासाठीच. चालू सुरात पेडल दाबून तार ओढण्याची पद्धत पुढे १९५४ मध्ये पेडल स्टीलवादक बड आयझॅक्सच्या वादनामुळे रूढ झाली. तुम्हाला हवंय ते पहिलं काम, दुसरं नव्हे. हा फरक नीट लक्षात घ्या, कारण बाजारातली निम्मी उपकरणं दुसऱ्या कामासाठी बनलेली असतात.

तळहाताचे बेंडर, उदाहरणार्थ ड्यूझेनबर्गचा मल्टीबेंडर, हात काढला की परत जातात. मींडेसारखा परिणाम हवा असेल तर उत्तम, पण अख्खं गाणं दुसऱ्या ट्यूनिंगमध्ये वाजवायचं तर हात त्यावर ठेवून बसता येत नाही. तुम्हाला टाकला की तिथेच राहणारा खटका हवा. हिपशॉटची ट्रिलॉजी घोडी त्या जातीची: सहा तारांना सहा खटके, प्रत्येकाच्या तीन जागा आणि प्रत्येक जागेचा सूर वेगळ्या स्क्रूने लावता येतो. गणिताने ७२९ ट्यूनिंग होतात. तुम्हाला दोन पुरेत, म्हणून तीन तारांपुरता दोन जागांचा खटका बनवून घेतला तरी काम होतं.

खुंटीच्या जागी बसणारे ड्रॉप ट्यूनर एका तारेला चांगले. बँजोवरच्या कीथ खुंट्या त्याच तत्त्वावर चालतात, वरचा आणि खालचा सूर दोन स्क्रूंनी बांधलेला असतो. पण तिन्ही तारांना तेच लावायचं म्हटलं तर हेडवर जागा पुरत नाही, शिवाय नटच्या घर्षणाचा त्रास तिथे जास्त होतो.

---

रानजाई

तारांच्या जाडीचं आणि हालचालीचं गणित देते. त्यावरून बाकीच्या गोष्टी आपोआप ठरतात.

सुराची वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. अर्धा सूर चढवायला ताण सुमारे सव्वाबारा टक्के वाढवावा लागतो, पूर्ण सुराला सुमारे २६ टक्के. म्हणून जी तार दोन सुरांवर राहणार तिची जाडी त्या दोन सुरांच्या मधल्या ताणाला धरून निवडायची. साडेबावीस इंचाला हा संच बसतो (नंबर म्हणजे इंचाच्या हजारांशात जाडी, किलो म्हणजे ताण):

पहिली ई, १४ नंबर साधी: सुमारे ११ किलो
दुसरी, १७ साधी: बी ला ९.३, सी शार्पला ११.७ किलो
तिसरी, २२ साधी: जी शार्पला ११, ए ला १२.३ किलो
चौथी ई, ३० गुंडाळलेली: सुमारे ११ किलो
पाचवी, ४२ गुंडाळलेली: बी ला ११.७, ए ला ९.३ किलो
सहावी ई, ५६ गुंडाळलेली: सुमारे ९.३ किलो

पाचवीला ३६ घालायचा मोह होतो. घालू नका. ए वर तिचा ताण सात किलोवर येतो, तार बारखाली लोळते आणि जोरात छेडली की सूर आधी वर जाऊन मग खाली बसतो.

आता घोडीपाशी तार किती सरकवावी लागते ते पाहा. स्केल ५७१ मिमी आणि नटपलीकडचा तुकडा धरून ६४० मिमी तार ताणली जाते असं मानू. मग:

दुसरी तार, बी ते सी शार्प: सुमारे अर्धा मिमी
तिसरी तार, जी शार्प ते ए: सुमारे ०.२ मिमी
पाचवी तार, बी ते ए: पुन्हा अर्ध्या मिमीच्या आसपास

तिसऱ्या तारेचा आकडा नीट वाचा. शून्य पूर्णांक दोन. तिथे एक शतांश मिमीची चूक म्हणजे सहा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), आणि सहा सेंट कानाला कळतात. त्यामुळे या सगळ्या प्रकारात सर्वात जास्त छळणारी तार हीच. उपाय म्हणून तिसरी २४ नंबरची गुंडाळलेली घेता येते. तिची आतली गाभ्याची तार बारीक असल्यामुळे तेवढ्याच सुरासाठी दुपटीहून जास्त सरकावं लागतं, आणि सूर लावणं तेवढं सोपं होतं. बदल्यात बारचा खरखराट पदरी येतो. सपाट घासलेली गुंडाळी मिळाली तर तो बराच कमी होतो.

आणखी एक उपयोगाची गोष्ट. साध्या तारेत, सूर आणि लांबी तीच असेल तर हे सरकण्याचं अंतर जाडीवर अवलंबून नसतं. तार जाड झाली की ताण वाढतो, पण ताणायला लागणारं बळही त्याच प्रमाणात वाढतं. म्हणून १७ काढून १८ घातली तर खटक्याचा स्क्रू जवळजवळ हलवावा लागत नाही. साधी काढून गुंडाळलेली घातली तर मात्र सगळं नव्याने लावायचं.

---

मींडप्रेमी

रानजाई, तक्ता सुंदर. त्यात सुरांची बाजू जोडतो, कारण खटक्याचे स्क्रू कुठे थांबवायचे हे तिथे ठरतं.

ई ला षड्ज धरलं तर पहिलं ट्यूनिंग सा प सा ग प सा. आता ग चा म झाला, वरच्या प चा ध झाला आणि खालचा प उतरून म वर आला. म्हणजे आपण मध्यमाला षड्ज केलं. नव्या सा वरून मोजलं की दुसरं ट्यूनिंग प सा प सा ग प होतं.

लॅप स्टीलला पडदे नाहीत, त्यामुळे गंधार शुद्ध लावण्याची सोय आहे आणि ती सोडू नये. ट्यूनरच्या काट्यावर ई शून्यावर ठेवून आकडे असे येतात:

पहिलं ट्यूनिंग: ई शून्य, बी अधिक २, जी शार्प उणे १४
दुसरं ट्यूनिंग: ई शून्य, ए उणे २, सी शार्प उणे १६

याचा अर्थ तिसरी तार १०० नव्हे तर ११२ सेंट चढली पाहिजे, दुसरी २०० नव्हे १८२ सेंट, आणि पाचवी २०४ सेंट उतरली पाहिजे. अपूर्णांकात मांडलं तर १६/१५, १०/९ आणि ९/८. ट्यूनरचा हिरवा दिवा पाहून स्क्रू आवळले तर दुसऱ्या ट्यूनिंगमधला सी शार्प चढा लागेल आणि पूर्ण कॉर्ड थरथरेल. दोन्ही टोकांना स्वतंत्र अडथळा का हवा, याचं हे खरं कारण.

साथीला हार्मोनियम किंवा कीबोर्ड असेल तर दोन्ही गंधार उणे ६ ते ८ च्या दरम्यान ठेवा. पूर्ण शुद्ध गंधार तिथे एकटा पडतो.

---

सहा_तारा

सगळ्यांचे आभार. मध्यमाला षड्ज हे कळल्यावर ट्यूनिंग डोक्यात पक्कं बसलं.

पाचव्या तारेला हेडवर ड्रॉप ट्यूनर आणि दुसरी-तिसरीला घोडीवर खटके, असं मिश्रण कसं वाटतं? माझ्या हेडवर तीन-तीन खुंट्या एकाच पट्टीवर आहेत. आणि तिसरा प्रश्न अजून राहिलाय.

---

घोडीवाला

पट्टी असेल तर एक खुंटी वेगळी काढता येत नाही. पट्टी कापा किंवा त्या बाजूच्या तिन्ही खुंट्या सुट्या बसवा. नवीन खुंटीचा दांडा जुन्या भोकात बसतोच असं नाही, आधी व्हर्नियरने भोक मोजा. भोक मोठं करायचं तर हाताच्या रीमरने, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं. ड्रिलने लाकूड फाटतं. मला विचाराल तर तिन्ही खटके घोडीवरच घ्या, हात एकाच जागी जातो.

आता न परतणारी तार. दहातले नऊ वेळा दोषी नट असतो, खटका नाही. तार नटच्या खाचेत अडखळते, म्हणून नटच्या दोन बाजूंचा ताण सारखा राहत नाही. कुठल्या दिशेने चूक होते त्यावरून निदान करता येतं:

घोडीवरून तार चढवून परत सोडली आणि सूर मूळापेक्षा उतरा आला, तर नट धरून ठेवतोय. चढवताना नटवरून थोडी तार घोडीकडे आली, ती परत गेली नाही.

घोडीवरून तार उतरवून परत ओढली आणि सूर चढा आला, तरी नटच. आता तार उलट दिशेला अडकली.

हेडवरच्या ड्रॉप ट्यूनरला लक्षणं वेगळी: उतरलेला सूर चढा राहतो आणि परत आणलेला सूर उतरा.

खात्री करायची पद्धत: खटका परत टाकल्यावर नटपलीकडे, खुंटीच्या बाजूला, तार बोटाने एकदा दाबून सोडा. सूर बदलला तर घर्षण आहे. नाही बदलला तर नट निर्दोष, मग खटक्याचा अडथळा किंवा खुंटीवरचे वेढे बघा.

उपाय, याच क्रमाने:
खाच तारेपेक्षा किंचित रुंद आणि तळाला गोल हवी. गोल कानस किंवा पॉलिश पेपर गुंडाळलेली जुनी जाड तार वापरा. खाचेची हेडकडची कड उतरती करा, तिथेच तार चावली जाते.
खाचेत मऊ शिसपेन्सिलीचं शिसं घासा. तेल नको, धूळ धरतं.
खुंटीवर अडीच-तीन वेढे पुरेत. सहा-सात वेढे असले तर ते हळूहळू घट्ट होत राहतात.
नटवरून खुंटीकडे जाणारा उतार फार तीव्र असेल तर वेढे वरच्या बाजूला ठेवा.
एवढ्यानेही भागलं नाही तर रोलर नट. पेडल स्टीलवर तो सर्रास असतो, त्याला कारण आहे.

---

कोनवादक

हेच सगळं रेझोनेटरवर, म्हणजे आत धातूचा कोन बसवलेल्या गिटारवर, चालेल का? जी बी डी जी बी डी वरून डी वर जायचंय.

---

घोडीवाला

घोडी कोनवर उभी असते, कोन पातळ ॲल्युमिनियमचा. एका तारेचा ताण बदलला की कोन किंचित दबतो किंवा उचलला जातो आणि उरलेल्या पाचही तारा हलतात. एका तारेचा अर्धा सूर असेल तर चालवून घेता येईल. तुमच्या जी वरून डी ए डी एफ शार्प ए डी वर जाताना चार तारा हलतात, फक्त पहिली आणि चौथी डी जागेवर राहतात. तिथे दुसरं वाद्य ठेवा किंवा कॅपो वापरून जी च्याच ट्यूनिंगमध्ये वाजवा. रेझोनेटरवर खटक्यांसाठी पैसे घालू नयेत, या मताचा मी आहे.

---

तांबेपितळ

खटका बनवून घेणाऱ्यांसाठी मापं देतो. लेथ आणि मिलिंग असलेला कुठलाही वर्कशॉपवाला एवढं करून देईल, चित्र मात्र मिमीमध्ये न्या.

मूळ कल्पना: तार ज्यावरून जाते तो प्रत्येक तारेचा वेगळा तुकडा, त्याला बोट म्हणू. बोटाचं वरचं टोक ६ मिमी त्रिज्येचं गोल, आणि त्या गोलाच्या मध्यातूनच आस जातो. बोट फिरलं की तार गोलावरून ओढली जाते, पण तारेची उंची बदलत नाही. आस मध्यात नसेल तर खटका टाकल्यावर तार वर-खाली होते आणि बारखाली असमान लागते. स्वस्तातल्या कामात हीच चूक दिसते.

साहित्य:
बोटं: ८ मिमी जाड पितळ किंवा माइल्ड स्टील, ३ नग. न हलणाऱ्या तारांसाठी त्याच उंचीचे ३ स्थिर तुकडे.
आस: ६ मिमी सिल्व्हर स्टील, ७० मिमी लांब.
बोटातलं भोक: ५.८ ने ड्रिल, मग ६ मिमी रीमर. नुसत्या ड्रिलचं भोक गोल नसतं.
तारांमधलं अंतर ९.५ मिमी. ८ मिमी बोट आणि मधे पातळ पितळी वायसर मिळून ते भरा.
खटक्याचा दांडा: ५ मिमी ॲल्युमिनियम किंवा ३ मिमी स्टील, आसापासून ६० मिमी. दांडा बोटाला दोन स्क्रूंनी, एका स्क्रूवर तो गोल फिरतो.
अडथळ्याचे स्क्रू: एम ३ ॲलन ग्रब, प्रत्येक बोटाला २, एकूण ६. सोबत लॉक नट.
तळपट्टी: ६ मिमी ॲल्युमिनियम.

मुंबईत ही सगळी बारीकसारीक खरेदी नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत होते: रीमर, ग्रब स्क्रू, शिम, बेअरिंग.

बळाचा हिशेब: तारेचा ताण १२ किलो, ६ मिमी त्रिज्येवर. दांडा ६० मिमी म्हणजे टोकाला फक्त १.२ किलो. बोटाने सहज हलतं. फिरायचं किती? अर्ध्या मिमीला पाच अंशांपेक्षा कमी, तिसऱ्या तारेला दोन अंशांच्या आत.

अडथळ्याचा स्क्रू आसापासून जितका लांब तितकं चांगलं. तिसऱ्या तारेवर, स्क्रू ३० मिमीवर असेल तर एम ३ चा एक पूर्ण फेरा म्हणजे साठ सेंट. पाव फेरा पंधरा सेंट. तोच स्क्रू ५० मिमीवर नेला तर फेऱ्याला ३६ सेंट. एम ४ घेऊ नका, त्याचा आटा ०.७ मिमी आहे, एम ३ चा ०.५. दोन सेंटची दुरुस्ती करायला एम ४ वर हात थरथरेल.

खटका जागच्या जागी राहण्यासाठी: तार बोटाला सतत नटकडे ओढत असते, त्यामुळे खालच्या सुराचा अडथळा आपोआप घट्ट बसतो. वरचा सूर धरायला सायकलच्या सीटखाली असते तशी कॅमची मूठ लावा, जिचा सर्वात उंच बिंदू ओलांडून थोडं पुढे गेल्यावर दांडा अडथळ्यावर टेकतो. उंच बिंदूवरच थांबवलात तर जोरात वाजवताना खटका सुटेल. आणि कॅमने सूर ठरवायचा नाही, कॅमने फक्त दांडा स्क्रूवर दाबून धरायचा. कॅम झिजतो, स्क्रू झिजत नाही.

पाचव्या तारेला वेगळं काही बनवावं लागत नाही. तिचा खटका पहिल्या ट्यूनिंगमध्ये चढवलेला ठेवायचा, दुसऱ्यासाठी सोडायचा. त्यामुळे तिन्ही बोटं एकसारखी.

आसातला थोडा ढिलेपणा चालतो, तार तो एकाच बाजूला खेचून ठेवते. आडवं डुगडुगणं चालत नाही. ०.१ मिमीची शिम घालून ते काढा.

---

रानजाई

तांबेपितळ, कॅम आणि स्क्रूचं काम वेगळं ठेवण्याचा मुद्दा लाखमोलाचा.

बॉडीवरच्या भाराचं बघू. सहा तारा मिळून सुमारे ६४ किलो. दुसरी २.४ किलोने वाढते, तिसरी १.३ ने, पण पाचवी २.४ ने कमी होते. निव्वळ वाढ सव्वा ते दीड किलो. त्यामुळे भरीव बॉडीवर न हलणाऱ्या तारा जवळजवळ जागेवर राहतील. पाचवी न उतरवता फक्त वरच्या दोन चढवल्या असत्या तर पावणेचार किलोचा फरक पडला असता, आणि पोकळ किंवा पातळ बॉडीवर पहिली-सहावी उतरल्याचं ऐकू आलं असतं.

तपासायला: ट्यूनर पहिल्या तारेवर ठेवा, तिन्ही खटके टाका. तीन-चार सेंटपेक्षा जास्त हललं तर तळपट्टी ढिली आहे किंवा बॉडी वाकतेय. तळपट्टीचे स्क्रू तारेच्या अडकवणीच्या मागे असले पाहिजेत, कारण ताण पट्टीची मागची कड उचलायला बघतो. लाकडी स्क्रूंपेक्षा आरपार एम ५ बोल्ट आणि मागून चकती उत्तम.

---

बारवरबार

सी सिक्स्थ वाजवणाऱ्यांना याचा उपयोग कसा? जाडीकडून: सी ई जी ए सी ई.

---

मींडप्रेमी

दोनच खटके: दोन्ही सी अर्ध्या सुराने चढवून सी शार्प. सी शार्प ई जी ए सी शार्प ई मिळतं, म्हणजे ए सेव्हन्थ. तिसरा खटका ए वर लावून बी फ्लॅट केला तर, बाकी तारा न हलवता, सी सेव्हन्थ. तीन खटक्यांत तीन रंग, आणि एकही तार पूर्ण सूर सरकत नाही. १८ नंबरच्या सी ला जेमतेम ०.२८ मिमी लागतं. खटके कमी आणि उपयोग जास्त या हिशेबाने सी सिक्स्थला हा संच मला सर्वात आवडतो.

एक सांगतो: सी सिक्स्थ रुजवणारे जेरी बर्ड पेडलांशिवायच वाजवत राहिले, बार तिरका धरून हवे ते स्वर काढत. ज्या गाण्यात एक-दोन कॉर्डच वेगळे आहेत तिथे आधी तिरका बार करून बघा, खटका नंतर.

---

बारवरबार

धन्यवाद. सुराची उंची बदलणारं इलेक्ट्रॉनिक पेडल लावून हे सगळं टाळता नाही का येत?

---

रानजाई

नाही. ते पेडल सहाही तारा एकाच प्रमाणात सरकवतं. ई चं ट्यूनिंग जसंच्या तसं ए वर नेईल, पण तारांमधली अंतरं तीच राहतील. इथे अंतरंच बदलायची आहेत.

---

सहा_तारा

तिन्ही खटके घोडीवर, हे ठरलं. लावण्याचा क्रम आणि तार बदलताना काय सांभाळायचं तेवढं सांगा.

---

घोडीवाला

क्रम:
१. तिन्ही बोटं खालच्या अडथळ्यावर सोडा. खालचे स्क्रू मध्यावर ठेवा, दोन्हीकडे जागा राहील.
२. तारा नव्या असतील तर हाताने उचलून ताणून घ्या आणि प्रत्येक खटका वीसेक वेळा मागेपुढे करा. त्याआधी स्क्रूला हात लावू नका.
३. खुंटीने खालचा सूर लावा: दुसरी बी, तिसरी जी शार्प, पाचवी ए. मींडप्रेमींनी दिलेले सेंट धरून.
४. खटका टाका, वरचा सूर वरच्या स्क्रूने लावा.
५. खटका सोडा, खालचा तपासा, पुन्हा टाका, वरचा तपासा. दोन फेऱ्यांत बसतं. नाही बसलं तर नटकडे जा, स्क्रू फिरवत बसू नका.
६. लॉक नट आवळताना ॲलन की ने ग्रब धरून ठेवा. आवळताना तो सरकतो आणि पाच-सहा सेंट जातात.

कार्यक्रमात उकाड्याने किंवा एसीने सूर हलला तर फक्त खुंटी फिरवा. दोन सुरांमधलं सरकण्याचं अंतर तेच राहतं, त्यामुळे वरचा सूरही बरोबर येतो.

खटके टाकताना आधी पाचवी सोडा, मग वरच्या दोन चढवा. परतताना वरच्या दोन आधी सोडा.

---

तांबेपितळ

तार बदलताना दोन गोष्टी. साध्या तारेच्या गोळीपाशी जो पीळ असतो तो बोटाच्या गोलावर येऊ देऊ नका. खटका टाकला की पीळ उकलतो-दबतो, सूर कधीच स्थिर होत नाही आणि तार तिथेच तुटते. अडकवण्याची जागा गोलापासून १५ मिमी तरी मागे ठेवा. तेवढी जागा नसेल तर पिळावर डाखाचा एक पातळ थर द्या, फार गरम न करता.

दुसरं, अर्थिंग. पिकअपची अर्थची तार जुन्या घोडीला जोडलेली असते. नवीन तळपट्टीला ती जोडून मल्टीमीटरने प्रत्येक तारेपर्यंत सातत्य तपासा, खटका दोन्ही जागांवर ठेवून. आसाला तेल जास्त झालं किंवा ॲनोडाइझ केलेली पट्टी असली तर एखादी तार अर्थपासून तुटते आणि फक्त त्याच तारेला बार किंवा हात लागलेला असताना गुणगुण येत राहते. ॲनोडाइझ खरवडून तिथे सरळ आसाला तार लावली की प्रश्न मिटतो. आसाला महिन्याकाठी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

---

सहा_तारा

चित्र काढायला घेतो. स्क्रू ५० मिमीवर, दांडा त्यापुढे ७० पर्यंत. तिसरी तार आधी २२ साधी लावून बघेन, नाहीच जमली तर गुंडाळलेली.

---

तांबेपितळ

दांडा ७० केलात तर तो पिकअपच्या बाजूला नको, मागे जाऊ द्या. पुढे आला तर छेडणाऱ्या हाताच्या करंगळीला लागेल. आणि पाचव्या तारेच्या दांड्याला टोकाशी बाकीच्यांपेक्षा वेगळा वाक द्या, अंधारात हाताला कळायला हवा.